फोनमधल्या मेमरीचा मालक कोण? अँड्रॉइडचा ‘बाइंडर’ रस्टमध्ये गेला, त्यामागची गोष्ट

३० नोव्हेंबर २०२५ ला लिनक्स कर्नलची ६.१८ ही आवृत्ती आली. आपल्याकडे कोणी त्याची बातमी केली नाही, करण्यासारखं वरवर काही नव्हतंही. पण तुमच्या अँड्रॉइड फोनच्या पोटात हाच कर्नल असतो. आणि या आवृत्तीत ‘बाइंडर’ नावाचा ड्रायव्हर रस्ट भाषेत नव्याने लिहून दाखल झाला. एक ॲप दुसऱ्या ॲपशी किंवा सिस्टिमशी बोलतं, कॅमेरा मागतं, लोकेशन विचारतं, ते सगळं या बाइंडरमधून जातं. इतकी वर्षं तो सी भाषेत होता आणि चालतही होता. मग बदलला कशाला?

हाच प्रश्न वेगळ्या शब्दांत माझ्या मावसभावाने विचारला होता. तो इथे सोलापुरातच इंजिनिअरिंगला आहे. सी शिकताना म्हणाला, “दादा, फ्री नाही केलं तरी प्रोग्राम चालतोय की! मग ती मेमरी परत कशाला करायची?” तो जुळे सोलापुरात तीन मित्रांसोबत खोली घेऊन राहतो, म्हणून त्याला त्याच्याच खोलीचं उदाहरण दिलं.

समजा दाराशी एक पाटी आहे. खोली वापरायला लागलात की पाटीवरचा आकडा एकने वाढवायचा, सोडून गेलात की एकने कमी करायचा. ज्याच्या हातून आकडा शून्य होईल त्याने खोली रिकामी करून मालकाला चावी द्यायची. याला म्हणतात रेफरन्स काउंटिंग. आता एखादा आकडा कमी न करताच गावाला गेला, तर खोली रिकामी असूनही भाडं चालूच. हा झाला मेमरी लीक. पण एखाद्याने दोनदा कमी केला तर? आत माणूस असताना पाटीवर शून्य. मालक खोली दुसऱ्याला देतो, आणि जुना भाडेकरू जुन्या चावीने आत शिरतो. आतलं सामान आता त्याचं नाही, पण त्याला ते माहीतच नाही. याला ‘यूज आफ्टर फ्री’ म्हणतात. नवा भाडेकरू हॅकर असेल, तर त्याने ठेवलेलं सामान जुना भाडेकरू स्वतःचं समजून वापरतो. खरा धोका तिथे आहे.

सी मध्ये ही पाटी प्रोग्रामरने स्वतः लिहायची असते. भाषा त्याला विचारत नाही, टोकत नाही. एखाद्या लायब्ररीचं फंक्शन तुम्हाला वस्तू देतं तेव्हा ती कायमची दिली की उसनी, हे कोडमध्ये नाही तर माहितीपत्रकात लिहिलेलं असतं. पायथॉनचं सी मधलं आतलं कामकाज बघा. यादीतून वस्तू काढणारं ‘पायलिस्ट गेटआयटम’ ती उसनी देतं, म्हणजे आकडा वाढत नाही. यादीत वस्तू ठेवणारं ‘पायलिस्ट सेटआयटम’ मात्र तुमच्याकडची मालकीच काढून घेतं. दोन सख्ख्या फंक्शन्सचे नियम उलटे! दहा वर्षं अनुभव असलेला माणूसही इथे चुकतो, आणि त्याला मी दोष देणार नाही.

पाटी चुकली की काय होतं, याचं सगळ्यात नमुनेदार उदाहरण २०१६ चं. लिनक्समध्ये चाव्या आणि पासवर्ड सांभाळणाऱ्या भागात एक चूक सापडली (सीव्हीई-२०१६-०७२८). प्रोग्रामने आपलाच जुना चावीसंच पुन्हा मागितला की आकडा वाढायचा, पण त्या वाटेवर तो कमी करायला कोणीतरी विसरलं होतं. वरवर साधा लीक. पण पाटीवर जागा ३२ बिटांचीच. सुमारे ४२९ कोटी वेळा तेच केलं की आकडा फिरून शून्यावर येतो, जुन्या स्कूटरच्या मीटरसारखा. शून्य झाल्यावर कर्नल मेमरी मोकळी करतो, वापरणारा अजून आत असताना. शोधणाऱ्यांनी हे सगळं साध्या लॅपटॉप प्रोसेसरवर अर्ध्या तासात करून दाखवलं. मावसभावाच्या “चालतोय की” ला हे माझं उत्तर.

दुसरं उदाहरण आपल्या घरातलं वाटेल. गुड मॉर्निंगच्या जीआयएफ आठवतात? २०१९ मध्ये व्हॉट्सॲप अँड्रॉइडवर जीआयएफ दाखवायला जी सी मधली खुली लायब्ररी वापरायचं, तिच्यात तीच मेमरी दोनदा मोकळी करण्याची चूक होती. जीआयएफमधल्या फ्रेमचा आकार शून्य सांगितला की मेमरीचा आकार बदलणारी आज्ञा ती मेमरी मोकळीच करून टाकायची. पुढची फ्रेमही शून्याची असेल तर पुन्हा तेच. त्यानंतर अँड्रॉइड तीच जागा दोन वेगवेगळ्या मागणाऱ्यांना देऊ शकायचं. मुद्दाम बनवलेली फाइल फोनवर यायची आणि तुम्ही फोटो पाठवायला व्हॉट्सॲपमधून गॅलरी उघडलीत की काम झालं. व्हॉट्सॲपने २.१९.२४४ या आवृत्तीत ते दुरुस्त केलं.

आणि त्याच वर्षी बाइंडर. ऑक्टोबर २०१९ मध्ये गूगलच्या ‘प्रोजेक्ट झीरो’ने सांगितलं की बाइंडरमधली एक चूक (सीव्हीई-२०१९-२२१५) प्रत्यक्ष हल्ल्यांत वापरली जात असावी. बाइंडरचा एक धागा संपला की त्याची मेमरी मोकळी व्हायची, पण कर्नलच्या दुसऱ्या भागाकडे त्याच मेमरीतल्या रांगेचा पत्ता शिल्लक राहायचा. मालक कोण, हेच ठरलं नव्हतं. धोक्यातल्या फोनच्या यादीत रेडमी ५ए, रेडमी नोट ५, एमआय ए१, सॅमसंग एस७, एस८ आणि एस९ होते. म्हणजे नव्या पेठेतल्या मोबाइल दुकानांत तेव्हा हातोहात विकले जाणारेच. मला सगळ्यात जास्त खटकतं ते हे, की मूळ लिनक्समध्ये ही चूक त्याच्या किती तरी आधी दुरुस्त झालेली होती. ती दुरुस्ती फोनपर्यंत आलीच नव्हती.

रस्ट यात काय बदलतो? पाटी जात नाही. वस्तू अनेकांत वाटायची असेल तर रस्टही मोजतोच. फरक इतकाच की मोजणी माणसाच्या लक्षात राहण्यावर सोडलेली नाही. प्रत्येक वस्तूला एक मालक, उसनी घेतली तर परतीची वेळ ठरलेली, आणि नियम मोडला तर कम्पायलर प्रोग्राम तयारच करत नाही. गूगलचे आकडे सांगतात, अँड्रॉइडच्या सुरक्षेतल्या एकूण दोषांपैकी मेमरीचे दोष २०१९ मध्ये ७६ टक्के होते, २०२४ मध्ये २४ टक्के. यात जुना सी कोड सगळा बदलला असं नाही. नवा कोड सुरक्षित भाषांत लिहिला, एवढंच.

पण डिसेंबर २०२५ मध्येच या रस्टच्या बाइंडरमध्येही एक दोष निघाला, लिनक्सच्या रस्ट कोडला मिळालेला पहिला सीव्हीई. रस्टमध्ये ‘अनसेफ’ असा शब्द लिहून कम्पायलरला “इथलं मी बघतो” असं सांगता येतं. तशाच एका भागात दोन धाग्यांनी एकच यादी एकाच वेळी हाताळली की सिस्टिम कोसळू शकत होती. सोशल मीडियावर लगेच “बघा, रस्टही फसवा” सुरू झालं. त्याच दिवशी कर्नलच्या सी कोडसाठी १५९ सीव्हीई निघाले होते, ते कोणी मोजले नाहीत. अर्थात सी कोडचा डोंगर किती तरी मोठा आहे, त्यामुळे ही तुलनाही सरळ नाही. पण रस्टमधली चूक शोधायला बघायची जागा अगदी थोडी होती, आणि लगेचच्या ६.१८.१ मध्ये ती दुरुस्तही झाली.

आपल्यासाठी अडचण दुसरीच आहे. हे सगळं पुढच्या फोनांमध्ये येणार. आज हातात असलेला, वहिनीला दिलेला, सेकंडहँड घेतलेला फोन जुन्याच कर्नलवर राहणार. सेटिंग्जमध्ये ‘फोनबद्दल’ किंवा सिक्युरिटीच्या भागात ‘अँड्रॉइड सिक्युरिटी अपडेट’ची तारीख असते. हा मजकूर वाचताय त्याच फोनवर आत्ता बघा. आईच्या फोनवर मी बघितली तेव्हा ती तीन वर्षांपूर्वीची निघाली. अपडेट शोधलं तर ‘तुमचा फोन अद्ययावत आहे’ असं उत्तर आलं, कारण कंपनीने पाठवणंच थांबवलंय. त्याच फोनवर ती भाजीवाल्याला यूपीआयने पैसे देते. तिला नवा फोन नको आहे, “चांगला चालतोय की” म्हणते. सध्या मी तिचं यूपीआय माझ्या दुसऱ्या फोनवर टाकून दिलंय आणि जुन्यावर फक्त बोलणं आणि कीर्तनाचे व्हिडिओ ठेवलेत.