भावाविना आलेली आजी

अंड्यातून बाहेर पडणाऱ्या पिल्लाच्या पोटात बलकाची शिदोरी असते. तिच्यावर ते दोन-तीन दिवस दाण्यापाण्यावाचून तगतं. म्हणूनच एका दिवसाची पिल्लं खोक्यांत भरून विमानाने सातासमुद्रापार धाडता येतात. आपल्या ताटातल्या ब्रॉयलरची आजी काही वेळा अशीच आलेली असते. धंद्याच्या भाषेत ती ‘ग्रँडपेरेंट’. एका आजीपासून साधारण चाळीस आया आणि एकेका आईपासून सव्वाशेक ब्रॉयलर धरले, तर खोक्यातलं एक पिल्लू म्हणजे पुढच्या पाच हजार कोंबड्या.

अशा आयातीत सरकार रोग पाहतं. पाहायलाच हवा. फेब्रुवारी 2006 मध्ये देशातला पहिला बर्ड फ्लू आढळला तो आपल्याच नवापुरात, आणि तिथल्या शेडच्या शेड रिकाम्या कराव्या लागल्या. रोग आढळलेल्या देशांतून पक्षी आणण्यावर भारताने बंदी घातली, तेव्हा अमेरिका जागतिक व्यापार संघटनेत गेली आणि 2015 मध्ये अंतिम निकाल आपल्या विरोधात लागला. सबंध देशाला दार बंद करू नका, रोगाचा टापू तेवढा वगळा, हे त्यातलं एक मुख्य सूत्र. म्हणजे रोगावर वाद झाला, निकाल झाला, नियमही झाले.

वंशाबद्दल मात्र सगळीकडे चिडीचूप. विकणारी कंपनी चार वाण जुळवते आणि प्रत्येक वाणातलं एकच लिंग पाठवते: एकाचे नर, दुसऱ्याच्या माद्या. आजी येते, तिचा भाऊ तिकडेच राहतो. त्यामुळे तिचं घराणं इथे चालवता येत नाही. ती अंड्यांवरून उतरली की पुन्हा ऑर्डर. जगातल्या ब्रॉयलर वाणांचा मोठा हिस्सा दोनच कंपन्यांच्या मुठीत आहे, त्याला हे कुलूपही कारण. उद्या तिकडे साथ आली आणि विमानं थांबली, तर इकडच्या हॅचरीने काय उबवायचं?

आयात हे पाप नव्हे. सहा आठवड्यांत दोन किलोंच्या वर जाणारा पक्षी गावरान खुराड्यातून निघत नाही, आणि कर्ज काढून शेड बांधलेल्या शेतकऱ्याला स्वदेशीचं प्रवचन परवडत नाही. प्रश्न एवढाच, की आणायचं काय? अंड्यांच्या कोंबडीत पुण्याच्या व्यंकटेश्वरा समूहाने अमेरिकी ‘बॅबकॉक’च्या शुद्ध वाणांवर इथेच निवड-पैदास केली, ‘बीव्ही-300’ त्यातूनच उभी राहिली. परसातल्या कोंबडीसाठी हैदराबादच्या सरकारी संस्थेने ‘वनराजा’ दिली. मग मांसाच्या पक्ष्याचं मूळ घराणं इथे जपणाऱ्याला आयातीच्या परवान्यात झुकतं माप का नको?

आयातीच्या अर्जात रोगांचे रकाने भरपूर आहेत. त्यांच्याखाली आणखी एक आखावा: भाऊ सोबत आहे का?