पासवर्ड आहे, पण कुलूप नाही

परवा शेजारच्या काकूंबरोबर उत्पन्नाचा दाखला काढायला आमच्या गावातल्या एका केंद्रात गेलो होतो. खुर्ची रिकामी. केंद्र चालवणारा पोरगा चहाला गेलेला. कॉम्प्युटर चालू आणि स्क्रीनवर फोल्डर सताड उघडा. लोकांची आधार कार्डं, रेशनकार्डं, पासबुकं, जातीचे दाखले, सगळं नावानिशी. बसल्या जागेवरून ओळखीची सात-आठ नावं वाचली. मॉनिटरच्या कडेला चिकटपट्टी आणि तिच्यावर स्केचपेननं लिहिलेला पासवर्ड.

पोरगा आला. म्हटलं, "अरे बाबा, हे असं उघडं ठेवतोस?"

"सर, पासवर्ड आहे ना! लाइट गेली की परत टाकावाच लागतो."

मी हसलो नाही. कारण दोन वर्षांपूर्वी मीही एवढाच शहाणा होतो. लॅपटॉप बंद पडला म्हणून दुरुस्तीला दिला. पासवर्ड मुद्दाम सांगितला नाही. संध्याकाळी गेलो, तर दुकानदारानं हार्डडिस्क काढून एका केबलनं स्वतःच्या कॉम्प्युटरला जोडलेली. माझ्या सगळ्या फाइली त्याच्यासमोर. "डेटा सेफ आहे साहेब," तो खुशीत म्हणाला. त्या फाइलींमध्ये एका कर्मचाऱ्यानं विश्वासानं दिलेली कागदपत्रं होती, त्याच्या नावासकट. ती कुणी उघडली नसावीत, बहुधा. पण त्या 'बहुधा'वर एका माणसाची नोकरी टांगलेली होती. त्या रात्री मला झोप लागली नाही.

मंडळी, गोष्ट सोपी आहे. कॉम्प्युटर उघडताना आपण टाकतो तो विंडोजचा पासवर्ड म्हणजे दारावरचा राखणदार. समोरून येणाऱ्याला तो अडवतो. आतल्या फाइली मात्र डिस्कवर उघड्याच पडलेल्या असतात. डिस्क दुसऱ्या मशीनला लावली की राखणदाराला कुणी विचारतच नाही. काही जण बायोसचा पासवर्ड लावून निश्चिंत होतात. बऱ्याच डेस्कटॉपमध्ये मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल काढला की तो पुसला जातो. नाही पुसला गेला तरी डिस्क काढून नेता येतेच. एक्सेलमध्ये 'प्रोटेक्ट शीट' केलं म्हणजे फाइल बंद झाली, हाही भ्रमच. ती सोय आकडे चुकून बदलू नयेत म्हणून आहे. फाइल खरंच बंद करायची तर 'एन्क्रिप्ट विथ पासवर्ड' निवडावं लागतं.

खरं कुलूप एकच. आख्खी डिस्क एन्क्रिप्ट करणं. मग डिस्क चोरली, भंगारात गेली किंवा दुरुस्तीवाल्यानं काढली, तरी किल्लीशिवाय त्यावरचं अक्षर वाचता येत नाही. विंडोजच्या प्रो आवृत्तीत बिटलॉकर आधीपासून असतं. होम आवृत्तीत ते पूर्ण मिळत नाही, पण बऱ्याच नव्या मशीनवर 'डिव्हाइस एन्क्रिप्शन' असतं. तेही नसेल तर व्हेराक्रिप्ट फुकट मिळतं. मॅकवाल्यांना फाइलव्हॉल्ट आहे. खिशातून एक रुपया जात नाही!

कायदाही आहे की. वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला. नियम यायला नोव्हेंबर २०२५ उजाडला आणि मुख्य जबाबदाऱ्या लागू व्हायला त्यापुढे अठरा महिने. लोकांच्या माहितीची पुरेशी सुरक्षा ठेवली नाही तर दंड २५० कोटींपर्यंत. दिल्लीत २५० कोटींची भाषा आणि आमच्याकडे चिकटपट्टीवर पासवर्ड!

म्हणून पोराला मी दोष देत नाही. सवाल प्रशासनाला आहे. केंद्र तपासायला येता तेव्हा दरफलक लावलाय का ते बघता. डिस्कला कुलूप आहे का, हे कधी बघितलंत? तीनच गोष्टी सक्तीच्या करा. एक, डिस्क एन्क्रिप्ट केलेली हवी. दोन, प्रत्येक कामगाराचं लॉगिन वेगळं आणि खुर्ची सोडली की स्क्रीन बंद. त्याला विंडोजचं बटण आणि एल एवढंच दाबायचं असतं. तीन, काम झालं की लोकांचे स्कॅन पुसायचे, रिसायकल बिनमधूनसुद्धा.

कुणी म्हणेल, किल्ली हरवली तर सगळं गेलं. खरंय, म्हणूनच सुरू करताना रिकव्हरी की मिळते. ती कागदावर छापून कपाटात ठेवा आणि कामाच्या फाइलींची वेगळी कॉपी ठेवा. घराची किल्ली हरवेल म्हणून कुणी दार उघडं टाकून गावाला जातं का?

दुसरे म्हणतील, आमच्याकडे चोरण्यासारखं काय आहे? तुमच्याकडे नसेल हो. पण त्या फोल्डरमध्ये काकूंचं आधार आणि पासबुक आहे. त्यांच्या नावावर उद्या कुणी सिम घेतलं किंवा कर्ज उचललं, तर ठाण्याच्या पायऱ्या त्यांनाच चढाव्या लागतील.

पुढच्या वेळी दाखल्याला गेलात की पैसे देताना एवढंच विचारा, "दादा, माझे कागद पुसले का?" दहा जणांनी विचारलं की अकराव्याला विचारावं लागणार नाही.

पटलं तर पुढे पाठवा. नाही पटलं तर खाली भांडा, मी आहेच.