मिस्ड कॉलचे सभासद

राजकीय पक्षाचा सभासद होणे आता फारच सोपे झाले आहे. भारतीय जनता पक्षाने नोव्हेंबर २०१४ मध्ये मिस्ड कॉलने सभासद नोंदणी सुरू केली आणि २०१५ मध्ये दहा कोटींहून अधिक सभासद झाल्याचे जाहीर केले. पूर्वी कार्यकर्ता पावतीपुस्तक घेऊन दारात येई. त्याला दोन प्रश्न विचारता येत, प्रसंगी भांडताही येई. मिस्ड कॉलशी कोण भांडणार?

माझा आक्षेप यंत्राला नाही. पिंपरी-चिंचवड आणि चाकण हा पाळ्यांवर चालणारा प्रदेश आहे. दुसऱ्या पाळीच्या कामगाराने संध्याकाळच्या सभेला यावे तरी कसे? पक्षाच्या कामात भाग घ्यायला त्याला खिशातला फोनच सोयीचा. परंतु त्या फोनवर त्याला विचारले काय जाते? शुभेच्छा येतात, भाषणे येतात. प्रभागात उमेदवार कोण असावा, हा प्रश्न येत नाही. एबी फॉर्म कोणाला द्यायचा हे नेतेच ठरवतात.

आपल्या महापालिकेने २०१३ मध्ये ‘सारथी’ ही दूरध्वनी सेवा सुरू केली. तुंबलेल्या गटाराची तक्रार फोनवर नोंदवता येते, तर उमेदवाराविषयीचे मत का नाही? मार्च २०२२ पासून जानेवारी २०२६ च्या निवडणुकीपर्यंत येथे प्रशासकाचा कारभार होता. इतक्या काळानंतर १२८ जागा भरताना हा प्रश्न अधिकच महत्त्वाचा होता.

पंजाबात आम आदमी पक्षाने जानेवारी २०२२ मध्ये मुख्यमंत्रिपदाच्या उमेदवाराविषयी लोकांची मते फोनवर मागवली आणि भगवंत मान यांचे नाव जाहीर केले. विचारले, हे चांगलेच झाले. पण मोजणी पक्षाचीच होती. म्हणून नुसते विचारणे पुरेसे नाही. प्रभागवार सभासदयादी असावी, एका सभासदाला एकच मत असावे आणि मोजणी सर्व इच्छुकांच्या प्रतिनिधींसमोर व्हावी. ज्या घरात एकच फोन आहे, तेथे आईचे मत मुलाने किंवा नवऱ्याने देऊ नये, यासाठी पक्षकार्यालयात मतपेटीही ठेवावी.

विद्यार्थी मित्रांनो, आपल्यापैकी बहुतेकांना मताचा अधिकार मिळाला आहे. यापुढे कोणी सभासद होण्यासाठी क्रमांक पुढे केला, तर ‘उमेदवार ठरवताना मला विचारणार का?’ एवढे विचारूनच फोन लावावा.