भाडे कोणाच्या हाती?

सरकारी मदतीवर जगणाऱ्या कुटुंबाचे घरभाडे सरकारने कोणाला द्यावे, भाडेकरूला की थेट घरमालकाला? ब्रिटनमध्ये हा वाद वर्षानुवर्षे चालू आहे. दोन्ही पक्ष भाडेकरूच्या हिताची भाषा बोलतात. त्याला विचारायचे मात्र दोघेही विसरतात.

पहिला पक्ष सरकारचा. २००८ पासून खासगी घरांत राहणाऱ्यांच्या भाड्याची मदत शक्यतो भाडेकरूच्याच खात्यात जमा होऊ लागली. २०१३ मध्ये ‘युनिव्हर्सल क्रेडिट’ आले आणि हाच नियम नगरपालिकांच्या व गृहसंस्थांच्या भाडेकरूंपर्यंत पोहोचला. पोटापाण्याचे आणि भाड्याचे पैसे एकत्र, महिन्यातून एकदा, तेही महिना उलटल्यावर. का, तर नोकरदाराला पगार असाच मिळतो. गरिबानेही महिन्याचा हिशेब शिकावा. ऐकायला हे सन्मानाचे वाटते. पण पहिली रक्कम हाती पडायला पाच आठवडे लागतात. तोवर हवी तर उचल मिळते, ती पुढच्या रकमांतून कापून घेतली जाते. हिशेबाच्या या शाळेत पहिला धडा कर्जाचा.

आणि नोकरदार तरी सगळा पगार हातात घेऊन हिशेब करतो का? आपल्याकडचाच मध्यमवर्ग पाहा. प्राप्तिकर आणि भविष्यनिर्वाह निधी पगार हाती येण्याआधीच कापलेला असतो. घरकर्जाचा हप्ता ठरल्या तारखेला बँक परस्पर वळता करते. यात कोणाला अपमान वाटत नाही, सोयच वाटते. तीच सोय गरिबाने मागितली की ती बेजबाबदारी कशी ठरते?

दुसरा पक्ष घरमालकांचा. त्यांचे म्हणणे सरळ आहे : पैसे थेट आम्हाला द्या, भाडे थकणार नाही आणि भाडेकरूचे घरही जाणार नाही. यात तथ्य आहे. भाडे बुडण्याच्या भीतीने मदतीवरच्या माणसाला दारातूनच परत पाठवणारे घरमालक कमी नाहीत. पण पैसा परस्पर पोहोचू लागला की भाडेकरू त्या व्यवहारातून उठतो. छत गळते, भिंतींना ओल येते, तक्रार करूनही कोणी फिरकत नाही. भाडे मात्र बिनबोभाट जमा होत राहते. भाडे अडवून धरणे इंग्लंडमध्ये कायद्याने धोक्याचेच आहे. तरीही पैसा आपल्या हातून जातो, एवढ्याने भाडेकरूच्या तक्रारीला थोडे वजन येते.

तेथे दोन महिन्यांचे भाडे थकले की घरमालक सरकारकडे थेट भरणा मागू शकतो. थकबाकीही भाडेकरूच्या भत्त्यातून कापून घरमालकाला देता येते. भाडे का थकले, थकले तरी का, हे भाडेकरूला न विचारताच अशा कपाती होत. त्याला आपली बाजू मांडू न देता असा निर्णय घेणे अन्याय्य आहे, हे जानेवारी २०२५ मध्ये उच्च न्यायालयाला सांगावे लागले. ज्याच्या ताटातला घास काढायचा त्याला आधी विचारावे, एवढी साधी गोष्ट कोर्टात जाऊन मिळवावी लागली.

या वादात मूळ दुखणेही झाकले जाते. खासगी भाड्यासाठीची मदत २०११ पासून त्या त्या भागातल्या स्वस्तातल्या तीस टक्के घरांच्या मर्यादेला बांधली गेली. पुढे २०१६ मध्ये ती चार वर्षांसाठी गोठवली. २०२० मध्ये वाढवली आणि लगेच २०२४ पर्यंत पुन्हा गोठवली. भाडी काही गोठली नाहीत. अपुरी रक्कम कोणाच्याही खात्यात टाका, ती अपुरीच राहते. वरची तूट भाडेकरू पोटाला चिमटा काढून भरतो.

मग करायचे काय? स्कॉटलंडने २०१७ पासून भाडेकरूलाच निवड दिली : रक्कम महिन्यातून एकदा हवी की दोनदा, भाडे आपल्याकडे हवे की थेट घरमालकाकडे. उपाय हाच आहे. ज्याला थेट भरणा हवा त्याला तो पहिल्या महिन्यापासून मिळावा, दोन महिने थकून अब्रू गेल्यावर नव्हे. ज्याला नको त्याच्यावर तो लादू नये. आणि घर दुरुस्त होत नसेल, तर दिलेली संमती मागे घेण्याची मुभा असावी.

भारतातल्या वाचकाला हा वाद परका वाटू नये. ब्रिटनमध्ये युनिव्हर्सल क्रेडिट आले त्याच २०१३ साली आपल्याकडे थेट लाभ हस्तांतर सुरू झाले. २०१५ मध्ये चंडीगड आणि पुद्दुचेरीत रेशनच्या धान्याऐवजी खात्यात पैसे देणे सुरू झाले. धान्य बरे की पैसे, यावर अर्थतज्ज्ञ भांडले, अधिकारी भांडले. दुकान किती लांब, बँक किती लांब, घरात पैसा कोणाच्या हाती टिकतो, हे जिला नेमके ठाऊक होते, त्या रेशनकार्डावरच्या बाईकडे निवड नव्हती. तिकडे ती भाडेकरूला द्या, इकडे तिला द्या. मदत त्यांच्या नावाने मंजूर होते. ती कशी घ्यायची हेही त्यांनाच ठरवू द्या.