दृढीकरण म्हणजे निरोप समारंभ नव्हे

धर्मग्रामाचे आरोग्य कशावरून ओळखावे? सणाच्या मिस्साला लोटलेली गर्दी, चर्चचा नव्याने रंगविलेला दर्शनी भाग आणि वर्षअखेरची शिल्लक, ही लक्षणे सर्रास सांगितली जातात. आम्हांला हे मोजमाप मान्य नाही. आमच्या मते कसोटी एकच आहे. चाळिशीतला ख्रिस्ती माणूस आपल्या श्रद्धेविषयी पंधराव्या वर्षी जाणत होता त्याहून काही अधिक जाणतो काय?

बहुतेक ठिकाणी उत्तर नकारार्थी येईल. कारण उघड आहे. आपले धर्मशिक्षण मुलांपासून सुरू होते आणि मुलांपाशीच संपते. दृढीकरण झाले, छायाचित्रे निघाली, जेवण झाले की वही कायमची मिटते. ज्या संस्काराने पवित्र आत्म्याच्या देणग्या देऊन श्रद्धावंताला साक्ष देण्यासाठी जगात पाठवायचे, तोच संस्कार धर्मशिक्षणाचा निरोप समारंभ होऊन बसला आहे.

ख्रिस्तसभेची शिकवण अशी नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली सर्व श्रद्धावंतांना पवित्र शास्त्राचे वारंवार वाचन करण्याचा आग्रह केला. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९७९ साली प्रौढांचे धर्मशिक्षण हेच धर्मशिक्षणाचे प्रमुख रूप असल्याचे सांगितले. १९८३ च्या धर्मसंहितेतील ७७६ व्या कलमाने प्रमुख धर्मगुरूवर जे कर्तव्य सोपविले, त्यात प्रौढांचा उल्लेख मुलांच्या आधी आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांनी चारशे वर्षांपूर्वी 'ख्रिस्तपुराण' रचले, ते जाणत्या माणसांनी आपल्या भाषेत ऐकावे म्हणून. ते १६१६ साली छापले गेले. ज्या मराठीत इतक्या लवकर असा ग्रंथ झाला, त्या मराठीत प्रार्थना करणाऱ्या घरांत आज बायबल काचेच्या कपाटात असावे, ही गोष्ट भूषणावह नाही.

यावर एक आक्षेप हमखास येतो. "आमच्या आजी-आजोबांना कोठे शास्त्र ठाऊक होते? जपमाळेवर त्यांची श्रद्धा टिकलीच ना?" टिकली, आणि त्या श्रद्धेपुढे आम्ही नतमस्तक आहोत. परंतु ती एकट्या जपमाळेवर टिकली नाही. सायंकाळची घंटा ऐकून शेतात थांबणारे हात, क्रुसापाशी जमणारी आळी, अडीअडचणीला धावणारे शेजारी, हे सारे गावच त्यांचे धर्मशिक्षक होते. आज शेते बुजली, इमारती उठल्या. शेजारी कोण राहतो हेही ठाऊक नसते. गाव जे शिकवीत असे ते आता कोणीतरी जाणीवपूर्वक शिकविले पाहिजे. आजीची जपमाळ हातात आहे, पण आजीचे गाव नाही, हे आक्षेपकांनी ध्यानात घ्यावे.

दुसरा आक्षेप वेळेचा. लग्नात उंबराचे पाणी आणायला अख्खी आळी जमते. सणाच्या रोषणाईसाठी बैठकांवर बैठका होतात. यात गैर काहीच नाही. मात्र एवढा वेळ ज्यांना मिळतो, त्यांना महिन्याकाठी एक तास मिळत नाही, हे आम्हांला पटत नाही.

आणि ही हानी मोठी आहे. आईच्या कर्करोगापुढे देवाच्या प्रेमाचा अर्थ काय, परधर्मीय जोडीदाराला आपली श्रद्धा कशी समजावावी, असे प्रश्न तिशी-चाळिशीत पडतात. त्यांना दहाव्या वर्षी पाठ केलेली उत्तरे पुरत नाहीत. अशी माणसे भांडत नाहीत. ती निमूटपणे मागच्या बाकावर जातात, आणि एके दिवशी तेथेही दिसत नाहीत.

उपाय अवघड नाहीत. प्रत्येक आळीत महिन्यातून एकदा येत्या रविवारचे शुभवर्तमान मिळून वाचावे. प्रथम ख्रिस्तप्रसादाची तयारी करणाऱ्या मुलांच्या पालकांचे वर्ग त्याच काळात घ्यावेत. आणि वार्षिक हिशेबात रोषणाईच्या खर्चाशेजारी प्रौढांच्या धर्मशिक्षणाचा खर्च लिहावा. ते दोन आकडे धर्मग्रामस्थांनी स्वतः वाचावेत आणि दुसऱ्या रकान्यात शून्य असेल, तर पॅरिश कौन्सिलच्या पुढच्याच बैठकीत कारण विचारावे. तो त्यांचा अधिकार आहे, आणि बाप्तिस्म्याने आलेले कर्तव्यही.