छत्री फुकटची, पण सावली कोणाची?

साकीनाक्याच्या चौकातून खैरानी रस्त्यास लागून जरा मान वर केली, तर गाळ्यांच्या आणि खोल्यांच्या पत्र्यांवर परातीएवढ्या छत्र्यांची एक पलटणच उभी दिसते. सगळ्यांची तोंडे आग्नेयेस. त्यांपैकी पुष्कळशा वर्गणी मागणाऱ्या कंपन्यांच्या आहेत; पण काही छत्र्यांचा मालक महिन्याकाठी कोणासही एक पैसा देत नाही. छत्री व तिची पेटी यांची किंमत एकदा मोजली, की सरकारच्या 'डीडी फ्री डिश'वरील वाहिन्या त्याच्या घरात विनामूल्य उतरतात. गरिबाच्या घरी सरकारने काही विनामूल्य पोचवावे ही गोष्ट आम्हांस मनापासून प्रिय आहे, हे आरंभीच सांगून ठेवतो. कारण पुढील मजकूर वाचून 'प्राध्यापकमहाशयांस गरिबाची करमणूक खुपते' असा आरोप होण्याचा संभव आहे. करमणूक आम्हांस खुपत नाही. ती कोणत्या भाषेत व्हावी हे ठरविण्याची जी रीत पडली आहे, ती खुपते.

हा उपक्रम १६ डिसेंबर २००४ रोजी 'डीडी डायरेक्ट प्लस' या नावाने सुरू झाला, तेव्हा त्यावर ३३ वाहिन्या होत्या. पुढे नाव बदलले, उपग्रह बदलला, आणि वाहिन्यांची संख्या तर कितीतरी पटींनी वाढली. संख्या वाढली म्हणजे प्रजेचे कल्याण वाढले असे गृहीत धरून सर्वजण संतुष्ट होतात. परंतु उपग्रहावरील जागा काही अमर्याद नसते. त्याच्या एकेका ट्रान्सपाँडरवर ठराविकच वाहिन्या मावतात. म्हणून एकीस जागा देणे म्हणजे दुसरीस नाकारणे होय. नव्या दाबतंत्राने आणखी काही वाहिन्या कोंबता येतात हे खरे, पण त्या जुन्या पेटीवर उमटत नाहीत. म्हणजे जाहीर झालेली वाढ ज्याच्या नावाने झाली त्याच्याच घरी पोचत नाही. असो. निवड करावयाची तर ती कोण करतो? २०११ पासून खाजगी वाहिन्यांची निवड लिलाव करीत आला आहे. जागांचे वर्ग पाडलेले आहेत, प्रत्येक वर्गाची आरंभीची बोली ठरलेली आहे, हिंदी करमणुकीच्या वर्गाची बोली सर्वांत चढी आहे. आणि जो अधिक देईल त्यास साधारणतः एका वर्षापुरती जागा मिळते. भाजीबाजारातील ओट्यांची व्यवस्था याहून फारशी निराळी नसते.

या व्यवस्थेत 'विनामूल्य' या शब्दास किती अर्थ उरतो याचा अनुभव २०१९ च्या मार्चमध्ये आला. नियामकांचे नवे दरपत्रक अमलात येताच स्टार उत्सव, झी अनमोल, सोनी पल आणि रिश्ते या लोकप्रिय वाहिन्या बिऱ्हाड उचलून निघून गेल्या; २०२० मध्ये सोयीचे दिसताच परत आल्या; २०२२ च्या एप्रिलपासून पुन्हा निघाल्या. व्यापाऱ्याने नफातोटा पाहावा यात गैर काही नाही. पण सरकारनेही लोकांची गरज त्याच तराजूत तोलावी, हे गैर आहे.

मराठीपुरते बोलावयाचे, तर झी मराठी, स्टार प्रवाह, कलर्स मराठी या ज्या वाहिन्यांवरील मालिकांची चर्चा आपल्या घराघरांतून चालते त्या वर्गणी घेणाऱ्या आहेत. 'फक्त मराठी', 'झी चित्रमंदिर' अशा काहींनी बोली लावून या छत्रीखाली बिऱ्हाड केले, त्यांचे आम्ही आभारच मानू. पण ते भाड्याचे बिऱ्हाड. हक्काचे म्हणावे असे घर एकट्या सह्याद्रीचे. शैक्षणिक वाहिन्यांचा मोठा ताफा अलीकडे दाखल झाला आहे. २०२२ च्या अर्थसंकल्पात त्या १२ वरून २०० करण्याचे जाहीर झाले, आणि प्रादेशिक भाषांतून पूरक शिक्षण देणे हा त्यांचा हेतू आहे. हेतू उत्तम आहे. परंतु भाषा मुलाच्या अंगी मुरते ती धड्यांतून थोडी आणि गोष्टींतून, गाण्यांतून, थट्टेतून फार. धडे मराठीत आणि हसणे-रडणे हिंदीत अशी वाटणी झाली, की दहा वर्षांनी मराठी हा केवळ परीक्षेचा विषय उरेल.

आमचे एक अर्थशास्त्राचे अध्यापक स्नेही म्हणतात, "लोकांस जे हवे तेच लिलावात वर येते, तुम्ही कोण लोकांची अभिरुची ठरविणार?" लिलावात लोकांची आवड वर येते हेच मुळी आम्हांस मान्य नाही. तेथे वर येते ती जाहिरातदाराची ऐपत. साबण विकणाऱ्यास उत्तरेतील आठ-दहा राज्ये एका हिंदी वाहिनीने गाठता येतात. मराठी वाहिनीने एकच राज्य गाठते. म्हणून हिंदीची बोली चढते. यात साकीनाक्याच्या मराठी बाईस काय आवडते याचा संबंध कोठे आला? तिच्यापुढे दहा हिंदी मालिका आणि एखादा जुना मराठी चित्रपट एवढेच ठेवलेले असते. ती हिंदी मालिका पाहते. आणि मग तिच्या त्या पाहण्याचाच दाखला देऊन आमचे स्नेही म्हणतात, की पाहा, तिला हिंदीच हवे होते!

अशी एक बाई आमच्या परिचयाची आहे. नवरा सातारा जिल्ह्यातला, येथे एका गाळ्यात लेथ चालवितो. बिऱ्हाड काजूपाड्याच्या चढावर. गेल्या पावसाळ्यात आम्ही त्यांच्या घरी गेलो असता थोरली मुलगी एक मराठी पुस्तक मोठ्याने वाचीत होती, आणि वाचन इतके स्वच्छ की आमच्या महाविद्यालयातील काही विद्यार्थ्यांनी ऐकावे. आम्ही कौतुक केले, तेव्हा आई म्हणाली, "सर, कोरोनाच्या साली शाळा बंद. मोबाईल एकच, तो ह्यांच्यासंगं कामावर. तवा सह्याद्रीवर टिलीमिली लागायचं, पोरगी पाटी घेऊन टीव्हीपुढं बसायची." आम्ही धाकट्याविषयी विचारले. ती हसली. "तो घरात हिंदीच बोलतोय. टीव्हीवर दिवसभर दुसरं काय लागतंय?" धाकटा आमच्याकडे पाहून म्हणाला, "अंकल, आप बैठो ना." मुलगा मोठा गोड आहे. त्याच्या हिंदीवर आमचा राग नाही. साकीनाक्यात हिंदीवाचून कोणाचे चालले आहे? पण एकाच आईच्या दोन मुलांत सहा वर्षांचे अंतर आणि एका भाषेचे अंतर पडावे, याचे वाईट वाटले.

'टिलीमिली' ही मालिका एमकेसीएल नॉलेज फाउंडेशनने पहिली ते आठवीच्या मुलांसाठी केली होती आणि २०२० च्या जुलैपासून ती सह्याद्रीवर लागत असे. तिच्यासाठी नवा उपग्रह लागला नाही, लिलाव लागला नाही. ज्यांस मुलांसाठी मराठीत काही करावयाचे होते त्यांस चार तास मिळाले, एवढेच. हे काही अपूर्व नव्हते. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई केंद्र सुरू झाल्यानंतरच्या काळात आकाशानंदांचा 'ज्ञानदीप' पाहून गावोगाव ज्ञानदीप मंडळे निघाली होती, ही गोष्ट आमच्या वयाच्या वाचकांस आठवत असेल. १९८२ मध्ये दिल्लीचा राष्ट्रीय कार्यक्रम आला आणि रात्रीचा मोक्याचा वेळ मराठीच्या हातून गेला. २०२२ पर्यंत जमिनीवरील जुने मनोरे बहुतेक बंद झाले, तेव्हा दांडीच्या अँटेनावर घरी येणारे मराठी केंद्रही गेले. आता राहिली ती छत्री.

वेल्सचे उदाहरण आम्ही मुद्दाम देतो. १९८१ च्या शिरगणतीत वेल्श बोलणारे पाच लाखांच्या आसपास होते, म्हणजे आपल्या एखाद्या तालुक्याएवढे. त्यांना स्वतंत्र वाहिनी देण्याचे वचन सरकारने मोडले, तेव्हा १९८० मध्ये ग्विन्फर एव्हान्स या नेत्याने आमरण उपोषणाची घोषणा केली. सरकारने माघार घेतली, आणि १ नोव्हेंबर १९८२ रोजी वेल्श वाहिनी सुरू झाली. पुढे २००२ मध्ये तेथे 'फ्रीव्ह्यू' ही विनामूल्य अंकीय सेवा निघाली. तिच्यावर वाहिन्यांची गर्दी झाली, तरी वेल्समध्ये चौथ्या क्रमांकावर वेल्श वाहिनीच लागते. सार्वजनिक वाहिन्यांस सूचीत अग्रभागी जागा देणे तेथे कायद्यानेच बांधून दिले आहे. मराठी भाषकांची संख्या २०११ च्या जनगणनेप्रमाणे ८ कोटी ३० लाख. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी आपली भाषा अभिजात ठरली म्हणून आम्ही पेढे वाटले. वेल्श माणसाने पेढ्यांऐवजी काय मागितले असते, याची वाचकांनी कल्पना करावी.

'पैसा कोठून आणावयाचा?' असे विचारले जाईल. ४ जानेवारी २०२३ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने प्रसार भारतीच्या सुधारणेसाठी २५३९ कोटी ६१ लाखांची योजना मंजूर केली आणि तीत दुर्गम, आदिवासी व सीमेवरील भागांत आठ लाखांहून अधिक पेट्या फुकट वाटण्याचे ठरविले. पेटीस पैसा आहे, तर पेटीत काय घालावयाचे त्यासही असला पाहिजे. शिवाय काही सेवांस पैसा जवळजवळ लागतच नाही. अहमदाबादच्या आय.आय.एम.मधील ब्रिज कोठारी यांनी १९९६ मध्ये एक साधी युक्ती सुचविली: गाणे ज्या भाषेत असेल त्याच भाषेत त्याचे शब्द पडद्याच्या तळाशी दाखवावे. गुजराती 'चित्रगीत' आणि हिंदी 'चित्रहार' या कार्यक्रमांत ती वापरली गेली. अर्धवट साक्षर माणूस पाठ असलेले गाणे ऐकता ऐकता वाचावयास लागतो, आणि बहिऱ्या माणसाची सोय होते ती निराळीच. बी.बी.सी.ने आपल्या प्रमुख वाहिन्यांवरील सर्व कार्यक्रमांस अशी अक्षरे २००८ पर्यंत जोडली. सह्याद्रीवरील प्रत्येक गाण्याखाली, प्रत्येक नाटकाखाली मराठी अक्षरे का नसावीत? काजूपाड्याच्या त्या धाकट्यास ती पन्नास नव्या वाहिन्यांहून अधिक उपयोगी पडतील.

तेव्हा आमचे मागणे नव्या वाहिन्या बंद करा असे नाही. लिलाव खुशाल व्हावा. त्यातून दरवर्षी शेकडो कोटी येतात, तेही येऊ द्यावेत. मात्र बोली सुरू होण्यापूर्वी प्रत्येक मोठ्या प्रादेशिक भाषेसाठी काही जागा बाजूस काढून ठेवाव्यात, त्या जुन्या पेटीवर दिसतील अशाच असाव्यात, आणि त्यांतील एक तरी निखळ मुलांची असावी. लिलावाच्या उत्पन्नाचा ठरलेला हिस्सा त्या त्या भाषेच्या केंद्रास मिळावा. वरळीच्या केंद्रात जो जुना ठेवा शिल्लक असेल तो अक्षरे जोडून पुन्हा दाखवावा. आणि महाराष्ट्रात विकल्या जाणाऱ्या पेटीची कार्यक्रमसूची मराठीत उमटावी. पुढील वर्षाच्या जागांची जाहिरात निघेल तेव्हा तीत यांपैकी किती कलमे आहेत ते आम्ही पाहणार आहोत, आणि वाचकांसही पाहावयास सांगणार आहोत.