‘बाहेरचं’ नव्हे, झोपेतलंच!

‘‘हिनेच तिन्हीसांजेला केस मोकळे सोडून पोराला बाहेर नेलं असणार!’’ चार वर्षांचा नातू रोज रात्री किंचाळत उठतो, त्यावर सासूबाईंचा हा निकाल. आमच्या बचत गटाच्या बैठकीत त्या मुलाची आई हे सांगता सांगता रडायलाच लागली. आठवडाभर धड झोप नाही आणि वर सगळ्या घराची बोटं तिच्याकडेच. एकीने तोंड उघडल्यावर आणखी दोघी-तिघी बोलत्या झाल्या. त्यांच्याही घरी हेच, फक्त लाजेने कुणी बोललं नव्हतं.

मैत्रिणींनो, प्रकार बघणाऱ्याच्या काळजाचं पाणी करणारा आहे, हे खरंच. झोपल्यावर तासा-दोन तासांनी मूल अचानक किंकाळी फोडतं. डोळे सताड उघडे, अंग घामाने भिजलेलं, छाती धडधडतेय. आईने जवळ घ्यावं तर तिलाच ढकलून देतं. पाच-दहा मिनिटांनी पुन्हा गाढ झोपतं आणि सकाळी विचारलं तर त्याला काहीसुद्धा आठवत नाही. पोटचं पोर आपल्याला ओळखत नाही म्हटल्यावर मनात नको ते येणारच!

डॉक्टर याला ‘नाइट टेरर’ म्हणतात. रात्रीच्या पहिल्या काही तासांत आपली झोप सगळ्यात गाढ असते. त्या गाढ झोपेतून बाहेर येताना लहान मुलाचा मेंदू कधी कधी अर्धा जागा होतो, अर्धा झोपलेलाच राहतो. म्हणजे डोळे उघडे असले तरी मूल झोपेतच असतं. वाईट स्वप्नाचं तसं नसतं. ते बहुधा पहाटेकडे पडतं, मूल पूर्ण जागं होऊन आईला बिलगतं आणि काय दिसलं तेही सांगतं.

हा त्रास पुष्कळदा घराण्यात चालत आलेला असतो. म्हणून मी त्या सासूबाईंना मुद्दाम विचारलं. तर काय, त्यांचा मुलगा, म्हणजे या पोराचा बाप, लहानपणी झोपेत उठून अंगणात जायचा! आता मोकळ्या केसांचं काय करायचं?

मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकल्याने कुणाचं बिघडत नाही. आजीच्या जिवाला बरं वाटतं, एवढंच. बिघडतं ते पुढच्या पायरीला. देवऋषी येतो, नाकाशी धुरी धरली जाते, अंगातलं ‘उतरवायला’ चापट्या मारल्या जातात. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणं, मिरचीची धुरी देणं हा २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे आणि त्याला सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद आहे. घाबरलेलं, मार खाल्लेलं मूल आणखीच वाईट झोपणार, हे सांगायला काय कायदा हवा?

माझं स्पष्ट मत आहे, आपल्या घरांत भूत असलंच तर ते घड्याळात आहे. तीन ते पाच वर्षांच्या मुलाला दुपारची धरून दहा ते तेरा तास झोप लागते. आपल्याकडे मालिका संपल्यावर जेवणं, मग पोराच्या हातात मोबाइल, अकरा कधी वाजले कळत नाही. मुलांची झोप पुरत नाही म्हणून सरकारने २०२४ मध्ये चौथीपर्यंतच्या शाळा सकाळी नऊनंतर भरवायला सांगितल्या. कित्येक घरांत त्या सवलतीचा उपयोग आणखी उशिरा झोपायलाच झाला! झोप अपुरी राहिली, अंगात ताप असला, की हे किंचाळणं वाढतं.

त्या वेळी मुलाला गदागदा हलवू नका, तोंडावर पाणी मारू नका. पडेल-लागेल असं काही जवळपास ठेवू नका, हळू आवाजात बोलत शेजारी बसून राहा. रोज ठरावीक वेळीच होत असेल, तर काही दिवस त्याच्या पंधरा मिनिटं आधी मुलाला अलगद जागं करून पुन्हा झोपवून बघा. बहुतेक मुलांचं हे मोठं होता होता आपोआप थांबतं.

मूल जोरात घोरत असेल, तोंडाने श्वास घेत असेल, तर टॉन्सिल वाढलेले असू शकतात. हातपाय ताठ होत असतील, झटके येत असतील, एका रात्रीत पुन्हा पुन्हा होत असेल, तर ती फिटही असू शकते. अशा वेळी थेट डॉक्टर गाठा. जाताना त्या प्रकाराचं मोबाइलवर चित्रण करून न्या, तोंडी सांगण्यापेक्षा डॉक्टरांना ते जास्त उपयोगी पडतं.

आणि हो, चित्रण करायचं, वहीत वेळ लिहायची, हे काम बापाकडे द्या. ‘‘मला सकाळी कामावर जायचंय’’ म्हणून उशी घेऊन दुसऱ्या खोलीत निघालेले बाप मी बरेच पाहिलेत. कामावर तर आईलाही जायचं असतं, तिचं स्वयंपाकघर पाचलाच उघडतं.